दिवेलागणीला कोंबड्या कोंडताना

गावठी कोंबडीच्या तुऱ्यावर काळी खपली दिसली की पूर्वी आमच्या गल्लीत दोनच निदानं व्हायची. एक, देवी आल्या. दोन, दुसरीनं टोचलं. तिसऱ्या निदानाला लासलगावात कुणाला सवड नव्हती. उन्हाळ कांद्याच्या दिवसांत घरातल्या माणसाला ताप भरला तरी लिलाव उरकल्यावरच दवाखाना आठवायचा, तिथं कोंबडीच्या तुऱ्याचं काय घेऊन बसलात! जे काही बघणं व्हायचं ते बायकांकडं. अंड्याचा पैसा बाईचा, म्हणून कोंबडीचं दुखणंही बाईचं.

आमच्या आजीला सगळी गल्ली जिजी म्हणायची. तिचं खुराडं मागच्या भिंतीला टेकून बांधलेलं होतं. विटा, माती, वर पत्र्याचा तुकडा आणि पुढं फळीचं दार. दिवेलागणीला कोंबड्या आपल्या आपण आत शिरायच्या, पण जिजी त्यांना तशा शिरू द्यायची नाही. दारात फतकल मारून बसायची आणि एकेक हातात घ्यायची. कंदील धरायचं काम माझं. कोंबडीचे पंख डाव्या काखेत दाबून ती उजव्या हाताचं बोट छातीच्या हाडावरून फिरवायची. हाड नुसतंच टोचायला लागलं, दोन्ही बाजूंचं मांस गेलं असलं, की त्या कोंबडीचं नाव पक्कं व्हायचं. मग शेपटीखाली जोरात फुंकर. पिसं दुभंगली की खालची कातडी उघडी पडते, आणि उवा असतील तर उजेड लागताच पळत सुटतात. पिसांच्या मुळाशी पांढरे घट्ट पुंजके दिसले तर त्या लिखा. नंतर पाय उलटा करून तळवा बघायचा, आणि शेवटी चोच दोन बोटांनी उघडून आत डोकवायचं.

हे सगळं ती कोंबडीच्या मायेनं करायची, असं मानायचं कारण नाही. तिला उद्याचं अंडं हवं असायचं. शेपटीखाली बोट लावलं की अंडं आलंय की नाही ते कळतं. आलेलं असलं तर ती कोंबडी सकाळी सोडायची नाही, डाल्याखाली झाकायची. नाहीतर बया शेजारच्यांच्या कडब्यात जाऊन अंडं घालणार आणि मग दुपारभर त्या अंड्यावरून तोंडातोंडी. गावठी कोंबडी वर्षाला देऊन देऊन ६०-७० अंडी देते. त्यातलं एक शेजारी गेलं तर जिवाला लागतं. तेव्हा तपासणी अंड्याची चालायची, आणि हात लागलाच आहे तर फोड, जखम, उवा, पायाची खरूज हेही सापडून जायचं. चार दिवसांच्या वर कोणतंही दुखणं त्या हाताला चुकवू शकत नसे.

आता आमच्याच घराच्या मागं माझ्या भावजयीनं गिरिराज आणि वनराजाच्या कोंबड्या पाळल्यात. जाळीचं घर, प्लॅस्टिकची पाण्याची भांडी, अंडी घालायला भुसा टाकलेली खोकी. अंडी खोक्यात पडतात, सकाळी उचलायची. कोंबडीला हात लावायची गरजच उरलेली नाही. औषधं आमच्याकडं जिजीपेक्षा दहापट आहेत, पण तुऱ्यावरचा फोड आमच्या लक्षात येतो तो खपली धरल्यावर.

देवीची साथ पोळा झाला, गणपती उठले की यायची. पाऊस ओसरलेला, मोरीच्या बाहेर, कांद्याच्या चाळीमागं, टाकून दिलेल्या टायरांत पाणी साचलेलं, आणि डास मुबलक. डासाचा आणि या रोगाचा संबंध जिजीला ठाऊक नव्हता. डास माणसाला चावतो एवढंच तिचं मत. प्रत्यक्षात हा विषाणूचा रोग, आणि तो एका कोंबडीवरून दुसरीवर नेण्यात डासाचा मोठा हात. जिथं पीस नाही तिथं हा उमटतो: तुरा, चोचीखाली लोंबणारे लाल पदर, पापण्या, चोचीचे कोपरे, कधी पायावर. आधी फिकट बारीक पुटकुळ्या येतात, मग त्या वाढून एकमेकींत मिसळतात, खरखरीत होतात आणि काळपट तपकिरी खपली धरते. टोचल्याची जखम वेगळी ओळखू येते. ती ताजी असते, रक्त दिसतं, आणि बहुतेक वेळा पाठीवर किंवा शेपटीच्या वर असते. पिसं झडण्याचा मोसम चालू असेल तर कोंबडी ओंगळ दिसते खरी, पण कातडी स्वच्छ असते आणि नव्या पिसांची टोकं बाहेर डोकावत असतात. त्या वेळी औषध शोधायला निघालेली माणसं मी पुष्कळ पाहिलीत.

देवी आल्या की जिजी खुराड्यावर कडुलिंबाचा टहाळा खोचायची आणि उंबऱ्यावर हळदकुंकू वाहायची. माणसाच्या देवीला जे काही केलं जायचं त्याचीच ही छोटी नक्कल. तिच्या दंडावर लशीचे दोन गोल वण होते आणि लहानपणी तिनं घरातलं माणूस या रोगानं गेलेलं पाहिलं होतं, त्यामुळं थट्टेची सोय नव्हती. माणसातली देवी भारतात शेवटची दिसली १९७५ मध्ये, आणि १९८० मध्ये जगातून ती गेल्याचं जाहीर झालं. कोंबडीची देवी निराळी, तिचा विषाणू निराळा, ती माणसाला होत नाही. ती मात्र कुठंही गेलेली नाही.

आजारी कोंबडी जिजी ओसरीवर डाल्याखाली वेगळी ठेवायची आणि ताकात कुस्करलेली भाकरी बोटानं चोचीत घालायची. तीन-चार आठवड्यांत खपल्या गळून पडायच्या, खाली गुलाबी कातडी निघायची, आणि सगळं श्रेय कडुलिंबाला जायचं. माझं मत विचाराल तर काम डाल्यानं आणि भाकरीनं केलं. या रोगात पापण्या चिकटतात, कोंबडीला दाणा दिसत नाही आणि ती भरल्या ताटाशेजारी उपाशी मरते. विषाणूवर औषध तेव्हाही नव्हतं, आजही नाही. आजचे डॉक्टर जे देतात ते खपलीखाली पू होऊ नये म्हणून. बाकी तेच: वेगळं ठेवा, भरवा, वाट बघा. कोमट मिठाच्या पाण्यात भिजवलेला कापूस डोळ्यावर धरून चिकटलेली पापणी हळूहळू सोडवावी. लिटरभर उकळून निववलेल्या पाण्यात दोन लहान चमचे मीठ पुरतं. खपली ओढून काढू नये. एक तर रक्त येतं, आणि दुसरं म्हणजे त्या खपलीत विषाणू महिनोन् महिने तग धरतो. ती मातीत पडली की पुढच्या पिलांची सोय झाली. गळालेल्या खपल्या गोळा करून जाळाव्यात. जिजी त्या झाडूनं अंगणात लोटायची. दरवर्षी साथ का यायची, याचं अर्धं उत्तर त्या झाडूत होतं.

तोंडाच्या आत, जिभेखाली आणि घशात पिवळट पांढरा थर धरणारी देवी वेगळ्या जातकुळीची. बाहेर फोड एखादाच, पण श्वास घेताना घरघर ऐकू येते, मान ताणून कोंबडी तोंड उघडं ठेवते. असल्या कोंबडीला जिजी हात लावायची नाही. ‘हिचं काय खरं न्हाई’ म्हणायची आणि त्या दिवशी संध्याकाळी आमच्याकडं रस्सा व्हायचा. आज कुणी असं केलं तर मी नको म्हणेन. आजारी पक्षी कापून खाण्यात शहाणपण नाही, आणि तसंच पांढरं अ जीवनसत्त्व कमी पडल्यावरही तोंडात दिसतं. ते कोणतं, हे डॉक्टरनं बघितलेलं बरं.

जिजीच्या उपचारांतलं एक मात्र आठवलं तरी माझे पाय चुरचुरतात. कोंबडीच्या पायाचे खवले उचलले गेले, पाय जाड आणि पांढुरके झाले, की त्यावर घासलेट. खवल्यांखाली डोळ्यांना न दिसणारा कीटक शिरून राहतो, त्याची ही खरूज. घासलेटानं कीटक मरायचा आणि कातडीही जळायची. कोंबडी दोन दिवस एका पायावर उभी. शेजारची काकू त्याच दुखण्याला करंजाचं तेल चोळायची. तिची कोंबडी निवांत फिरायची. तेलाच्या थरानं कीटक गुदमरतो, खवले मऊ पडतात आणि महिन्या-दीड महिन्यात नवे सरळ खवले येतात. आता कुणी पेट्रोलियम जेली लावतं, कुणी डॉक्टरांच्या सल्ल्यानं आयव्हरमेक्टिन देतं. काकूचं तेल मात्र अजूनही चालतं, फक्त पाय आधी कोमट पाण्यात भिजवून जुन्या दातघासणीनं हलकेच स्वच्छ करावेत, आणि कोंबड्यांची बसायची दांडीही घासून काढावी.

राखेचं मला खरंच वाईट वाटतं. चुलीची राख परसात एका कोपऱ्यात पडायची आणि दुपारी कोंबड्या तिच्यात खड्डा करून लोळायच्या. पंख पसरून, डोळे अर्धे मिटून, राख थेट पिसांच्या मुळापर्यंत उडवून घ्यायच्या. उवा-पिसवांवर इतका स्वस्त उपाय दुसरा नाही, आणि तो कोंबडी स्वतःच करते. घरोघरी गॅस आला, तो यायलाच हवा होता. धुरानं जिजीचे डोळे गेले ते आम्ही पाहिलंय. पण राखेचा ढीग गेला. अंगणात पेव्हर ब्लॉक बसले, मातीही गेली. कोंबडीला लोळायला जागा उरली नाही, आणि मग कीटकांची पावडर विकत आणावी लागते. भावजयीनं आता तुटक्या टबात कोरडी माती, वाळू आणि पोह्याच्या गाडीवाल्याकडून मागून आणलेली लाकडाची राख भरून ठेवलीय. पहिल्याच दुपारी चार कोंबड्या त्या टबासाठी भांडल्या.

पेव्हर ब्लॉकांनी आणखी एक दुखणं आणलं, जे जिजीच्या हाताला क्वचितच लागलं असेल: तळव्याचा फोड. शेणानं सारवलेल्या अंगणात आणि मातीत कोंबडीच्या पायाला काही होत नसे. झालाच तर बाभळीचा काटा. आता टणक, खरबरीत जमीन, आणि वजनदार सुधारित जातीची कोंबडी उंच दांडीवरून त्या जमिनीवर उडी मारते. तळव्याला बारीक चीर पडते, घाण आत जाते, पाय सुजतो आणि तळव्याच्या मधोमध काळी गोल खपली धरते. कोंबडी लंगडते तेव्हा बघणारा पायाचं हाड चाचपतो, तळवा उलटा करत नाही. लवकर सापडलं तर कोमट मिठाच्या पाण्यात पाय भिजवणं, पोव्हिडोन आयोडीन लावणं, वर स्वच्छ पट्टी आणि खाली मऊ भुसा एवढ्यावर भागतं. आत घट्ट गाठ झाली असेल तर ती कापून काढायचं काम घरात करू नये. दांडी गुडघ्याच्या उंचीची ठेवली आणि तिच्या कडा गोल केल्या तर निम्मे फोड होतच नाहीत.

टोचाटोची हे आजचं दुसरं दुखणं. जिजीच्या कोंबड्या दिवसभर उकिरडा, चाळीखालची सांदीफट आणि रेल्वे फाटकापर्यंतचा रस्ता असा गाव पालथा घालायच्या. एकीला दुसरीचा राग आला तर ती निघून जाऊ शकायची. जाळीत कोंडलेल्या कोंबड्यांना जायला जागा नाही. एकीच्या अंगावर लाल ठिपका दिसला की बाकीच्या तिथंच चोच मारतात, आणि दुपारपर्यंत पाठीचं मांस उघडं पडतं. जखमी कोंबडी आधी बाजूला काढायची, जखमेभोवतीची पिसं कात्रीनं कापायची, मिठाच्या पाण्यानं धुवायचं, मग चहाच्या रंगाइतकं पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन. जखम सुकत आल्यावर तिच्यावर जांभळं औषध, म्हणजे जेन्शियन व्हायोलेट, बोटभर लावलं की लाल रंग झाकतो आणि इतरांचं लक्ष जात नाही. पूर्वी याच कामाला जिजी हळद आणि तेल लावायची. हळद वाईट नाही, पण पिवळ्या रंगाला चोच मारायचा कोंबडीचा उत्साह कमी होत नाही. आणि कोंबड्यांमागं कोंबडे किती, तेही बघावं. दोन-तीन कोंबड्यांमागं एक कोंबडा असला तर माद्यांच्या पाठी त्याच्या नख्यांनी सोलून निघतात, आणि आपण उगाच दुसऱ्या कोंबड्यांना दोष देत बसतो.

मुंगूस आणि मांजर तेव्हाही होते, आताही आहेत. त्यांच्या दातांची जखम पिसांखाली दडते. बाहेरून कोंबडी धडधाकट, फक्त कोपऱ्यात गप्प, आणि तिसऱ्या दिवशी वास येतो. उन्हाळ्यात अशा जखमेवर माशी बसली की किडे पडायला वेळ लागत नाही. जिजी सीताफळाचा पाला वाटून जखमेत भरायची. किडे खरोखर बाहेर पडायचे. मात्र तो रस डोळ्यात गेला तर माणसाचा काय, कोंबडीचाही डोळा जातो, म्हणून डोक्याजवळच्या जखमेला ती हात लावायची नाही. एवढा विवेक तिला होता. आज चिमट्यानं एकेक किडा काढून जखम धुणं आणि कोंबडी दवाखान्यात नेणं हाच सरळ मार्ग. १९६२ या क्रमांकावर फोन केला तर जनावरांच्या फिरत्या दवाखान्याची चौकशी करता येते. गाडी म्हशीसाठी येते अशी गावात समजूत आहे. कोंबडीसाठी फोन करायला लोक लाजतात.

कोंबडीच्या दुखण्याकडं बघायची नजर बदलली ती २००६ च्या फेब्रुवारीत, नवापूरला बर्ड फ्लू सापडल्यावर. भारतातली ती पहिलीच साथ. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यात परसातल्या कोंबड्यांमध्येही रोग निघाला आणि मारणारी पथकं घरोघरी फिरली. आमच्याकडं पथक आलं नाही, पण पेपरातले फोटो पाहून बायकांनी आपापल्या कोंबड्या माळ्यावर, चाळीत, कणगीत दडवल्या. तुऱ्यावर साधी देवीची खपली असलेली कोंबडीसुद्धा त्या महिन्यात कुणी शेजारणीला दाखवायची नाही. फरक सांगायला कुणी नव्हतं: देवी हळूहळू येते, एकेका कोंबडीला, आणि बहुतेक कोंबड्या तिच्यातून उठतात. तुरा निळा-काळा पडून सुजतो, कोंबड्या पटापट मरतात, तेव्हा ते वेगळं प्रकरण. तिथं हात न लावता पशुसंवर्धन खात्याला कळवायचं. हिरवी पातळ हगवण आणि वाकडी मान ही मानमोडी. इंग्रजांच्या काळात उत्तराखंडातल्या राणीखेतला ओळखली गेली म्हणून तिला राणीखेतही म्हणतात. तिच्यात फोड नसतात.

२०१९ च्या पशुगणनेत देशातल्या परसातल्या कोंबड्या ३१ कोटी ७० लाखांवर गेल्या, आधीच्या गणनेपेक्षा सुमारे ४६ टक्क्यांनी वाढल्या. म्हणजे माणसं पुन्हा कोंबड्या पाळताहेत, फक्त अंगण बदललंय. आता फोडाचा फोटो मोबाइलवर डॉक्टरांना जातो आणि त्यांनी उत्तर द्यायच्या आत मेडिकलवाल्याकडून अँटिबायोटिकची पुडी आलेली असते. ती देवीच्या विषाणूला काहीही करत नाही. वर त्या दिवसांतली अंडी पोरांना द्यायची की नाही, हे कुणी विचारत नाही. औषध देणाऱ्यालाच विचारावं: अंडी किती दिवस टाकून द्यायची? आणि कांदा! आमच्या गावात ज्याला त्याला कांदा हाच उतारा असतो, कोंबडीच्या पाण्यातही कांद्याचा रस पिळणारे आहेत. जास्त कांदा कोंबडीच्या रक्ताला बाधतो. लासलगावचा कांदा २००२ पासून भाभा अणुसंशोधन केंद्राच्या इथल्या प्रकल्पात गामा किरणांखाली धरला जातो, त्याला कोंब येऊ नयेत म्हणून. इतकी विद्या वेशीवर येऊन थांबली, आणि दोन गल्ल्या पलीकडं कोंबडीला अजून कुणाची तरी लागलेली दृष्ट उतरवली जाते.

देवीवर खरं उत्तर एकच, लस. पिलू सहा ते आठ आठवड्यांचं झालं की पंखाच्या पातळ चामडीत दोन दात्यांची सुई लशीत बुडवून आरपार टोचायची. देवी निर्मूलनाच्या अखेरच्या मोहिमेत माणसांनाही अशाच दोन दात्यांच्या सुईनं टोचत असत. सात ते दहा दिवसांनी टोचल्या जागी बारीक फोड आणि खपली दिसायला हवी. दिसली म्हणजे लस लागली, न दिसली तर पुन्हा टोचावी. साथ सुरू झालेली असली तरी जे पक्षी अजून स्वच्छ आहेत त्यांना लगेच टोचण्यात फायदाच असतो. आमच्या गल्लीत पहिल्या वर्षी दोघीतिघींनी या खपल्या पाहून लस देणाऱ्या पोराला शिव्या घातल्या होत्या.

अडचण सुईची नाही, बाटलीची आहे. लस येते शंभर-दोनशे मात्रांच्या बाटलीत, थंड ठेवावी लागते, आणि एकदा कालवली की दोन-तीन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांसाठी कोण ती फोडणार? म्हणून आता श्रावण संपायच्या आधी आमच्या गल्लीतल्या बायका एक संध्याकाळ ठरवतात. सगळ्यांची पिलं कोंडल्यावरच धरायची, कारण तेव्हा ती हाताला लागतात. भावजय बॅटरी धरते, कुणी पंख पसरवून धरतं, आणि ज्या कोंबड्यांना वर्षभर हात लागलेला नसतो त्यांचीही त्या निमित्तानं छाती चाचपली जाते, तळवे उलटे होतात, शेपटीखाली फुंकर बसते. लशीच्या डब्यासाठी बर्फ कुणाच्या फ्रिजमधून आणायचा, यावर मात्र अजून दरवर्षी वाद होतो.